कोणाच्या तासांवर?



एक कागद माझ्यापुढे आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना चोवीस-चोवीस चौकोन आहेत. पुढची बाजू मी भरली, मागची माझ्या धाकट्या बहिणीनं. या कागदानं माझी झोप घालवली म्हणून हे लिहितो आहे. झोप आधीच कमी, त्यात ही भानगड.

कागद मिळाला धरमपेठेत. तिथल्या एका हॉलमधे 'करिअर कसं घडवावं' यावर व्याख्यान होतं. फुकट होतं म्हणून गेलो. रातपाळी संपवून बुटीबोरीहून बसनं आलो तो घरी न जाता तसाच. केसात कापसाचे तंतू होते. बाजूच्या खुर्चीवरच्या पोरानं माझ्या डोक्याकडे पाहिलं न् खुर्ची बोटभर सरकवली. जातीसाठी सरकवली की कापसासाठी, ते सांगता येत नाही. आपल्याला तेवढं तरी कुठं धड कळू देतात!

नागपूरबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आम्ही राहतो पांढराबोडीत. रामनगर ओलांडलं की धरमपेठ. पायी जाण्याइतकं जवळ, बाकी सगळ्या अर्थानं लांब. ट्रॅफिक पार्ककडून लक्ष्मीभुवन चौकाकडे चालत गेलं तर क्लासेसच्या पाट्या मोजता मोजता मान दुखते. प्रत्येक पाटीवर हसरी पोरं आणि त्यांच्या गुणांचे आकडे. माझी माय रोज सकाळी साडेसहाला या धरमपेठेत शिरते, मागच्या दारानं. भांडी, फरशी, कपडे. पंधरा वर्षं झाली. मी तिथं पुढच्या दारानं शिरलो तो त्या व्याख्यानाच्या दिवशी.

बोलणारा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. तळमळीनं बोलत होता. फळ्यावर त्यानं एक वर्तुळ काढलं, त्याचे तीन भाग केले : काम, शिक्षण, कुटुंब. म्हणाला, संतुलन ठेवा. पाच वर्षांनी तुम्ही कुठं असाल ते आज लिहून काढा. मग त्यानं कागद वाटले. दिवसाचे चोवीस तास, चोवीस चौकोन. घरी जाऊन भरा. आणि शेवटी, आमच्यासारखे चार-सहा चेहरे समोर दिसले म्हणून की काय, म्हणाला, 'डॉक्टर आंबेडकर अठरा अठरा तास अभ्यास करायचे. मग तुम्हाला काय अडचण आहे?' टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. बाबासाहेबांचं नाव आलं की हात आपोआप उठतात.

घरी येऊन चौकोन भरले. पाळीचे आठ तास. जाण्यायेण्याचे अडीच. झोप सहा. अभ्यास तीन : दहावीत गणितात गचकलो होतो, पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी काढली, आता मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतो आहे. अंघोळ, जेवण, दीड. वस्तीतलं काम, बैठका, दोन. कविता आणि वाचन, एक. बेरीज बरोबर चोवीस. इतकी बरोबर बेरीज दहावीत आली असती तर गचकलो नसतो. कागद भिंतीला लावला. छाती फुगली होती.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून आलो तर कागद उलटा लावलेला. मागच्या बाजूला चौकोन आखलेले, पट्टी न लावता. अक्षर बहिणीचं.

पहाटे साडेचारला पाणी. मग डबा, माझा आणि मायचा. मग मायच्या तीन घरांपैकी एका घरची भांडी, कारण मायचे गुडघे आता तिन्ही घरं ओढत नाहीत. अकरा ते आठ गोकुळपेठेतल्या दुकानात कपड्यांच्या घड्या. रात्री स्वयंपाक. कपडे. आणि एक अख्खा चौकोन 'दादाला उठवणे' याचा. माझी पाळी दर आठवड्याला बदलते, तेव्हा तो चौकोन कधी पहाटे सरकतो, कधी दुपारी, कधी रात्री. त्याच्या मागं तिची झोप सरकते. दुकानात असली तर तिथून फोन करून उठवते. 'अभ्यास' हा शब्द त्या कागदावर कुठंच नव्हता. एका चौकोनात नुसती आडवी रेघ मारलेली होती.

मी विचारलं, 'हे काय? हा मोकळा आहे?'

म्हणाली, 'मोकळा नाही. त्यात काय लिवावं ते मले समजलं नाही.'

ती बारावी झाली आहे. जीएनएमला, नर्सिंगला, तिचा नंबर लागण्यासारखा होता. दोन वर्षांपूर्वी ॲडमिशनची कागदं तपासायचा शेवटचा दिवस आणि माझे गृहपाठ अभ्यासकेंद्रावर जमा करायचा शेवटचा दिवस एकच निघाला. मी पाळीवर होतो. ती माझ्या लाईनीत उभी राहिली. तिची लाईन दुसरीकडे होती. हे मला त्या दिवशी, त्या उलट्या कागदापुढं उभं राहून कळलं. दोन वर्षं तिनं सांगितलं नाही. खरं म्हणजे मी विचारलं नाही. तिची ॲडमिशन का राहिली, असं दोन वर्षांत एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही. आणि मी बैठकांतून स्त्री-दास्यावर बोलतो, दोस्तहो. टाळ्या घेतो.

आता प्रश्न असा. माझे ते तीन तास, अभ्यासाचे, ते आले कुठून?

दिवसाला तास चोवीसच. राजाला चोवीस, रंकाला चोवीस, असं शाळेत शिकवलं. साफ खोटं आहे. धरमपेठेतल्या ज्या घरी माय भांडी घासते त्या घरातल्या पोराच्या दिवसात मायचे दोन तास जमा आहेत. त्याचे सव्वीस झाले, मायचे बावीस राहिले. ही साधी बेरीज-वजाबाकी आहे. हजारो वर्षं हेच झालं. कोणी तरी पाणी भरलं, कोणी मेलेलं ढोर ओढलं, कोणी मैला उचलला, म्हणून कोणाला तरी वेद पाठ करायला वेळ मिळाला. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी दाखवलं की श्रमाची वाटणी म्हणून जे मिरवतात ती खरी श्रम करणाऱ्यांचीच उतरंड आहे. हे आपण सगळ्यांनी वाचलेलं. भाषणात वापरलेलं.

पण माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत काय चाललं होतं? एकाच्या वाट्याला विद्या, एकीच्या वाट्याला सेवा. कोणी ठरवलं? कोणीच नाही. ठराव झाला नाही, मत घेतलं नाही. मी पोरगा म्हणून आपोआप ठरलं. चातुर्वर्ण्याचंही असंच असतं. तिथंही कोणी ठरवलेलं नसतं, सगळं आपोआप. मनूचं पुस्तक जाळलं १९२७ साली महाडला. त्याची राख आमच्या चुलीजवळ शिल्लक होती म्हणायची.

अठरा तासांचं बोलतो. एप्रिल आला की आपल्याकडे जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यासाचे कार्यक्रम होतात. चांगली गोष्ट आहे, पोरं बसतात, वाचतात. मीही एका वर्षी बसलो होतो. सकाळी सहा ते रात्री बारा. दुपारी बहिणीनं डबा आणून दिला, रात्री पुन्हा पोळ्या आणि पिठलं. मला प्रमाणपत्र मिळालं, ते आमच्या भिंतीवर आहे. त्या दिवशी ती किती तास उभी होती ते कोणी मोजलं नाही.

बाबासाहेबांनी मात्र मोजलं होतं. हे ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं. ३ फेब्रुवारी १९२८ च्या 'बहिष्कृत भारता'त त्यांनी अग्रलेख लिहिला. या पत्राचं ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय, असा त्याचा मथळा. पत्र चालवण्यासाठी आपण काय काय खर्ची घातलं ते त्यात सांगताना ते घरापर्यंत येतात. आपण परदेशी असताना संसाराची काळजी बायकोनं वाहिली, परतल्यावरही विपन्नावस्थेत स्वतःच्या डोक्यावर शेणाच्या पाट्या आणल्या, आणि अशा बायकोला चोवीस तासांतला अर्धा तासही आपल्याला देता येत नाही, असं त्यांनी जाहीर छापून टाकलं. डी.एस्सी. झालेला, बॅरिस्टर, मुंबई कायदेमंडळाचा सभासद. असा माणूस आपल्या बायकोच्या डोक्यावरची पाटी स्वतःच्या पत्रात मांडतो. लपवत नाही. 'माझी पत्नी माझी प्रेरणा' असं गुळगुळीत बोलून मोकळा होत नाही. किती तास? अर्धा. तोही नाही. आकड्यात सांगतो.

आपण काय केलं? अठरा हा आकडा घेतला. अर्धा हा आकडा सोडून दिला.

रमाई २७ मे १९३५ ला गेल्या. त्याआधी चार लेकरं गेली होती. पुढं १९४० साली पाकिस्तानवरचं पुस्तक निघालं ते बाबासाहेबांनी रामूच्या स्मृतीला वाहिलं, आणि तिथंही तिच्या सोसण्याची नोंद ठेवली. पण पुस्तक वाहून तास फिटतात का? इथं मी खूप अडलो. पाळीवर रिंगफ्रेमच्या पुढून मागं, मागून पुढं चालताना तुटलेला धागा जोडत हाच विचार. (आमचं काम चालण्याचं आहे. आठ तासांत किती चालणं होत असेल, एकदा मोजायचं आहे.) पैसा उसना घेतला तर परत देता येतो, व्याजासकट देता येतो. धान्य उसनं घेतलं, देता येतं. पण झोप? विशीतली दोन वर्षं? मी उद्या अधिकारी झालो आणि बहिणीला सोन्यानं मढवलं तरी तिच्या एकोणिसाव्या वर्षातली ती लाईन, जिथं ती उभी राहायला पाहिजे होती, ती मी तिला परत देऊ शकत नाही. वेळेचं कर्ज ज्याचं घेतलं त्याला त्याच नाण्यात फेडता येत नाही. म्हणून ते घेताना विचारायला पाहिजे. नंतर फेडू म्हणून घेणं ही चोरी आहे, भले घरातली असो.

मला वाटतं, हे माझं मत आहे, चुकत असेल तर दुरुस्त करा, बाबासाहेबांनी ते कर्ज दुसऱ्या रीतीनं फेडायला घेतलं. ज्या १९२८ च्या फेब्रुवारीत त्यांनी अर्ध्या तासाचं लिहिलं, त्याच वर्षीच्या जुलैत ते मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बाळंतिणींना पगारी रजा मिळावी या विधेयकाच्या बाजूनं बोलले. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्या पोराला शिकता यावं. पोराला नुसतं 'जिद्द ठेव' म्हणून सोडून दिलं नाही. कॉलेजचं घड्याळच बदललं. १९४२ पासून चार वर्षं व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा कामाचे तास कमी करण्याचा प्रश्न त्यांनी लावून धरला. १९४६ च्या दुरुस्तीनं बारमाही कारखान्यातला आठवडा चौपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर आला. माझ्या कागदावरचे पाळीचे 'आठ' चौकोन तिथून आलेले आहेत. त्या व्याख्यात्याला ते निसर्गातून आल्यासारखे वाटत होते.

आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास आपले, हा हिशेब पहिल्यांदा १८१७ साली विलायतेतल्या रॉबर्ट ओवेननं मांडला. तोही सूतगिरणी चालवणारा. १८८६ साली शिकागोत त्यासाठी माणसं मेली. आपल्याकडे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना गोळा करून लढा दिला, तेव्हा १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. म्हणजे रविवार हाही मागून, भांडून घेतलेला आहे. आणि २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस कायम, जादा कामाला कामगाराची लेखी संमती, असं त्यात आहे. संमती! पहाटेच्या बसमधून उतरलेला, घरी हप्ता थकलेला माणूस 'नाही' कोणत्या हातानं लिहील? ज्या दिवशी बारा तास आणि वर जाण्यायेण्याचे अडीच होतील त्या दिवशी माझ्या कागदावरून कोणता चौकोन उडेल ते तुम्हीच बघा. आणि माझा उडू नये म्हणून आणखी कोणाचा उडेल, तेही बघा. म्हणून 'काम, शिक्षण, कुटुंब यांचं संतुलन' हा एकट्यानं वहीत सोडवायचा प्रश्न नाही. तराजू ज्यानं धरला आहे त्याचा अंगठा कुठं आहे ते आधी पाहावं लागतं.

पण थांबा. इथं मी स्वतःला एक सवलत देऊन बसतो आहे. व्यवस्थेवर बोलायला लागलो की मला फार बरं वाटतं. व्यवस्था मोठी असते, तिच्या आड उभं राहता येतं. सरकारनं तास वाढवले हे खरं. पण बहिणीला लाईनीत सरकारनं नाही, मी उभं केलं.

माझा एक मित्र आहे, बँकेत लागला आहे. त्याला हा कागद दाखवला. तो म्हणाला, 'येडा झाला का बे? घरात कोनी असा हिशेब करते का? आधी तू लाग. मंग तिले शिकव. चौघंच्या चौघं बुडण्यापेक्षा एक वर चढला तर वरून दोर टाकते.'

त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आमच्या वस्तीत एका घरी एक पोरगा लागला की दोन वर्षांत टिनाच्या जागी स्लॅब पडते, हे मी पाहिलं आहे. फीचे पैसे एकाचेच आहेत. दोघांत वाटले तर कदाचित दोघंही अर्धवट राहतील. गरिबाला समान वाटणी परवडत नाही, हे फार कडू आहे आणि पुष्कळदा खरं आहे. माझा आजा एम्प्रेस मिलमधे होता. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी आज नाही, तिच्या जागेवर मॉल आहे. आज्यानंही एकालाच शिकवलं, काकाला. माझ्या बापाला आणि आत्यांना नाही. काका लागला. चांगला लागला. आमच्या वस्तीत तो शेवटचा कधी आला होता ते मायला विचारावं लागेल.

दोराचं असं आहे. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी जाहीर खंत बोलून दाखवली की शिकून वर गेलेल्या लोकांनी आपली निराशा केली. त्यानंतर जेमतेम नऊ महिने ते होते. आपण हे वाक्य दर वेळी दुसऱ्यावर फेकतो; सरकारी नोकरीतल्या, फ्लॅटमधल्या आपल्या माणसांवर. मी पण फेकलं आहे, कवितेतून. पण वर चढलेला माणूस दोर का टाकत नाही, याचा विचार मी कधी केला नव्हता. तो दुष्ट होतो म्हणून? मला नाही वाटत. चढताना ज्याच्या खांद्यावर पाय दिला तो खांदा त्यानं तेव्हाच पाहिला नव्हता, म्हणून. ज्याला चढतानाच खांदा दिसला नाही त्याला वर गेल्यावर दिसेल, हे कशावरून? वर गेल्यावर तर तो आणखी बारीक दिसतो. तो म्हणतो, मी स्वतःच्या हिमतीवर आलो. सभेत त्याची ओळख करून देतात : स्वयंभू व्यक्तिमत्त्व! स्वयंभू तर दगड असतात, शेंदूर फासलेले. बुद्ध सांगतो, काहीच स्वतःहून, एकटं उपजत नाही. हे असतं म्हणून ते होतं. त्याला प्रतीत्यसमुत्पाद असा मोठा शब्द आहे. आमच्या घरी त्याचा अर्थ असा : पाणी भरलेलं असतं म्हणून बी.ए. होतं.

अष्टांग मार्गात सम्यक आजीविका आहे. दुसऱ्याला इजा न करता पोट भरावं. मी आजवर समजत होतो की मी दारू विकत नाही, लाच खात नाही, सूत काततो, म्हणजे माझी आजीविका सम्यक. पण पगार माझ्या हातात येतो तो कोणाच्या पहाटेतून येतो, हे त्यात धरायचं की नाही? आणि जो अधिकारी व्हायचं मी स्वप्न पाहतो, त्याच्या खुर्चीच्या चार पायांतला एक पाय जर बहिणीची राहिलेली ॲडमिशन असेल, तर त्या खुर्चीत बसून मी समाजाचं भलं करणार ते कोणत्या तोंडानं?

दुसरीकडून एक कार्यकर्ता म्हणाला, 'हे सगळं पांढरपेशा दुखणं आहे. करिअरच नाकार. चळवळीला वाहून घे.' हा गडी रात्री बारापर्यंत चौकात बैठक घेतो. घरी त्याची बायको अंगणवाडीत मदतनीस आहे, तिच्या मानधनावर चूल पेटते. ७ फेब्रुवारीला रमाई जयंतीत तो सगळ्यात पुढं असतो. आता याचं काय करायचं! वाहून घेतलेला हा आणि वाहणारी ती. करिअर नाकारण्यासाठी सुद्धा घरात कोणी तरी कमावणारं लागतं.

आपल्या आज्यापणज्यांना करिअरची चिंता नव्हती म्हणा. जन्माआधीच ठरलेलं असे. गिरणीत आले तिथंही. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्यात जास्त पैसे, पण तिथं धोट्यातून सूत ओठानं ओढून घ्यावं लागे, म्हणून आपल्या माणसाला त्या खात्यात घेत नसत. दुसऱ्याच्या ओठाचं सूत चालायचं, आपल्या नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. तेव्हा आज मी 'मी काय होऊ?' असा प्रश्न विचारू शकतो, हीच केवढी कमाई आहे. ती मी थुंकून टाकणार नाही. मला अधिकारी व्हायचं आहे. मला कविताही लिहायच्या आहेत. हे मी लाजत सांगत नाही. पण आपल्या नागपूरच्याच जाईबाई चौधरी आठवा. स्टेशनवर हमाली केलेली बाई, जिनं १९२२ साली मुलींसाठी चोखामेळा कन्याशाळा काढली. ओझं स्वतःच्या डोक्यावर वाहिलं आणि शाळा काढली ती पोरींची. आपल्या जयंतीच्या फलकांवर तिचा फोटो मी अजून पाहिला नाही.

आता घरचं सांगतो, नाही तर तुम्ही म्हणाल भाषण करून पळाला.

आठ दिवस मी विचार केला आणि एक मोठा निर्णय घेतला. रात्री जेवताना मायसमोर जाहीर केला. या वर्षी मी परीक्षा देणार नाही. ओव्हरटाईम करीन. तुझी फी भरीन. तू नर्सिंगला जा. बोलताना माझाच गळा भरून आला होता.

बहीण पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, 'हाव. म्हंजे मंग दहा वर्ष सगळ्यायले सांगत फिरशीन, मी बहिनीसाठी परीक्षा सोडली म्हनून. त्याच्यावर कविता करशीन.'

माय हसली. मला राग आला. खरं बोललं की येतो तसा.

'मंग तुले काय पायजे?' मी विचारलं.

'परीक्षा दे तू. अर्धी सोडून माया डोक्यावर उपकार नको ठेवू. फी मी दुकानातून जमवून रायली, दीड वर्ष झालं, मायले माहीत आहे. मले सकाळी वेळ पायजे. वाचाले. तू पानी भर.'

'पानी?'

'पानी. साडेचार ते पाच. न् उठाले गजर लाव, मले उठवाले सांगू नको.'

मी एक वर्ष द्यायला निघालो होतो. तिनं अर्धा तास मागितला. वर्ष देणं किती सोपं होतं, ते अर्धा तास ऐकल्यावर कळलं. वर्ष एकदाच द्यायचं असतं, चार लोकांत सांगता येतं. अर्धा तास रोज द्यावा लागतो आणि नळावर तर चारचौघी बाया हसतात. पहिल्या दिवशी हसल्याच. 'काऊन रे भाऊ, बहीन आजारी आहे का?' मी म्हटलं, 'नाही, वाचून रायली.' त्यावर शेजारची काकू म्हणाली, 'अन् मंग तू काऊन भरून रायला?' तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. तिच्याही घरी दोन जवान पोरं झोपलेली असतात.

रातपाळीच्या आठवड्यात मी पहाटे घरी नसतो. त्या आठवड्याचं काय करायचं ते अजून सुटलेलं नाही. माय म्हणते ती भरेल. तिच्या गुडघ्यांचं बहिणीनं कागदावर लिहून ठेवलं आहे, त्यामुळं ते चालणार नाही. शेजारच्या पोराला शिकवावं आणि त्यानं आमचं पाणी भरावं, असा एक विचार आला होता. पण मग ते पुन्हा तेच झालं. सध्या मी रातपाळीला निघायच्या आधी रात्री टाकीवरून दोन गुंड आणून ठेवतो. पुरत नाही.

कागद अजून भिंतीवर आहे. आता तो कोणत्या बाजूनं लावायचा यावरून भांडण आहे, म्हणून दोऱ्यानं टांगला आहे. पंखा लावला की फिरतो. तिच्या बाजूच्या त्या रेघेच्या चौकोनात तिनं पेन्सिलनं काही तरी लिहिलं आहे. पेननं नाही. मी विचारलं नाही असं पुन्हा व्हायला नको म्हणून विचारलं. म्हणाली, 'ॲडमिशन झाली का मंग सांगीन. तू आदी नळावर जा, पाच वाजले.'